दाजींची पाकिटं आणि आक्काचं नवं

दसऱ्याच्या आधीचा रविवार. स्थळ: मोखाडा, दाजींच्या घराची पडवी. हजर: दाजी, त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली बहीण, तिला मी ताई म्हणते, दाजींची थोरली बहीण, जामसरची आक्का, माझे यजमान, आणि जव्हारहून मोठं पातेलं व कामांची यादी घेऊन आलेली मी. गैरहजर: बिस्किट, टोस्ट, खारी, शेव आणि पाकिटात मावणारी बाकीची सगळी मंडळी. घरातल्या कुठल्याही कार्याची हजेरी मी अशीच मांडून घेते, म्हणजे कोण जेवायचं राहिलं ते लगेच कळतं. त्या दिवशी कोण जेवायचं राहिलं ते सांगेनच, पण आधी दाजी सांगायला हवेत. आमच्या दाजींइतका पाकिटावर विश्वास असलेला माणूस अख्ख्या मोखाडा तालुक्यात झाला नाही, आणि पाकिटाशी इतकं हाडवैर धरलेला माणूसही झाला नाही, आणि ही दोन्ही माणसं मी एकाच घरात, एकाच खुर्चीवर बसलेली पाहिली आहेत.

दाजींचा टेम्पो आहे. पूर्वी ते त्यातून पाड्यापाड्यांवरच्या दुकानांना बिस्किटं, फरसाण, कुरकुरीत नळ्या, कपात गरम पाणी ओतून खायच्या शेवया असला माल पोचवायचे, आणि आपल्या मालाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही तेच होते. ताईने तव्यावरची भाकरी पुढे ठेवली की ते ती उलटीपालटी करून बघायचे आणि विचारायचे, हिच्यावर तारीख कुठे आहे. पाकिटावर कधी बनलं, कधीपर्यंत खायचं, आत काय घातलं हे सगळं छापलेलं असतं, भाकरीचा काय भरवसा, असा त्यांचा सवाल. माझ्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली तेव्हा दाजी दिसेनात. शोधायला गेले तर टेम्पोच्या केबिनमध्ये काचा वर करून वेफर्स खात बसलेले. पंगतीतली डाळ कुठल्या कारखान्यातून आली हे आचाऱ्याला सांगता आलं नाही, म्हणून ते उठून आले होते. ताईने त्यांच्या डब्यात लपवून भाजी दिली तर संध्याकाळी ती न उघडता परत यायची, आणि वर चिठ्ठीसारखं बिस्किटाचं एक रिकामं पाकीट असायचं.

मग एका दुपारी जामसरला टेम्पोचं चाक बसलं. जामसर हे दाजींचं मूळ गाव. तिथल्या घरात आक्का एकटीच राहते. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, त्याच सुमाराला आई गेली, आणि धाकट्या भावाला तिनेच लहानाचा मोठा केला. एरवी दाजी दारासमोर हॉर्न वाजवायचे, आक्का बाहेर यायची, तिच्या हातात बिस्किटांचे पुडे द्यायचे आणि टेम्पो पुढे. त्या दिवशी चाक बदलेपर्यंत घरात जाऊन बसावं लागलं. चूल गार होती, राखेत मांजर झोपलं होतं. आक्काने पाहुण्याला ठेवतात तशी बिस्किटं बशीत गोल मांडून पुढे ठेवली. दाजींनी विचारलं, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर नाही का. आक्का म्हणाली, "नाय रं. तुझं बिस्किट बरं. च्यात बुडवलं का उतरतं." दिवसभर चहा-बिस्किट आणि संध्याकाळी रेशनच्या तांदळाची पेज, एवढंच तिचं खाणं झालं होतं. दाजी मोखाड्याला परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एजन्सी सोडली आणि घरातलं एकूण एक पाकीट बाहेर काढलं. त्यात ताईची धण्याची पूडही गेली, कारण ती पाकिटात होती.

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी लिहिताना मलाच अतिशयोक्ती वाटते. दाजींनी कुठूनसं एक जुनं जातं आणून टीव्हीच्या बरोबर खाली बसवलं. पहाटे त्याची घरघर सुरू झाली की शेजारच्यांचा कोंबडा आपलं काम झालं असं समजून गप्प बसतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाने चहाआधी पसाभर नागली दळायची असा नियम झाला. विम्याचा एजंट पॉलिसी समजावायला आला, तो नागली दळून, घाम पुसून, पॉलिसीचं नाव न काढता गेला. पुढच्या आठवड्यात तो आपण होऊन आला. खांदा मोकळा झाला म्हणाला, आणि थेट जात्यापाशी बसला. दाजींच्या खिशात आता भिंग असतं. कुणाकडेही गेले की स्वयंपाकघरात शिरतात, पाकीट हातात घेतात आणि मागची बारीक अक्षरं पोथी वाचावी तशी वाचतात, प्रत्येक रसायनानंतर जरा थांबून "बरं" म्हणत. त्या "बरं"मध्ये इतकं दुःख असतं की घरातली माणसं पाकीट आपणहून खाली ठेवतात. माझ्या फडताळापुढे ते तासभर उभे होते. मी व्यवहारी बाई, वाद घालण्यात वेळ दवडत नाही. त्याच दिवशी काय जायचं आणि काय यायचं ते मांडून टाकलं, आणि महिन्याभरात आमच्याकडे साखरेच्या जागी गूळ, मैद्याच्या जागी नागली, आठवड्यातून दोनदा वरईचा भात आणि आमटीला खुरासणीच्या तेलाची फोडणी सुरू झाली. यजमानांनी कुरकुर केली, पण दुसऱ्यांदा आमटी मागून केली.

टेम्पो मात्र विकला नाही. पूर्वी तो मोखाड्यातून भरून निघायचा आणि पाड्यांवरून रिकामा यायचा, आता रिकामा जातो आणि नागली, वरई, उडीद, करटोली, रानातली केळी भरून येतो. त्याच्या बाजूला एका गुटगुटीत बाळाचं बिस्किट खातानाचं चित्र होतं. दाजींनी त्यावर हिरवा रंग मारला, पण उन्हाने रंग पातळ झाला आणि आता त्या हिरव्यातून बाळाचे नुसते डोळे बाहेर बघतात. बाजाराच्या दिवशी मोखाड्यात दाजी भाजीवाल्या बायकांसमोर उकिडवे बसतात आणि मुलीला स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी करतात. कुठलं रान, कुणी लावलं, खत कसलं, माती काळी का तांबडी. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, घ्यायची तर घे, नाहीतर हिच्याशी लगीन लाव. दाजींनी सगळी टोपली घेतली. जव्हारजवळच्या शिरपामाळला, शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला होता त्या जागी, फिरायला आलेल्या मुंबईच्या मंडळींच्या हातातून त्यांनी वेफर्सची पाकिटं इतक्या नम्रपणे काढून घेतली आणि त्या जागी नागलीचे लाडू ठेवले, की त्या लोकांना ते तिथल्या दर्शनाचा भाग वाटले. एका बाईंनी तर लाडू कपाळाला लावून मग खाल्ला.

पण हे सगळं ज्या एका माणसासाठी चाललं होतं, ते माणूस काही खात नव्हतं. जामसरला टेम्पो गेला की दाजी आक्काकडे लाडू ठेवायचे, भाकरी ठेवायचे, बाटलीत आंबील ठेवायचे. आक्का म्हणायची, चांगलं हाय, ठेव. पुढच्या खेपेला बघावं तर लाडू शिंक्यात तसेच, नाहीतर शेजारच्या पोरांनी खाल्लेले. दाजींनी लाडू मऊ करून पाहिले, गोड करून पाहिले, भाकरी पातळ थापून पाहिली. आक्का वाळत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जव्हारला डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले आजार काही नाही, खाणं वाढवा. एरवी दाजींचा आवाज तीन घरं पलीकडे जातो, पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर ते माझ्याशी इतकं हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "मेव्हणीबाई, अख्खा मोखाडा माझ्या हातचं खातो. जिनं मला भरवलं ती खात नाही. अशी किती दिवस निघेल?"

म्हणून तो रविवार ठरला. आक्काला मोखाड्याला आणायचं, समोर बसवायचं आणि अशी पंगत करायची की तिला नाही म्हणताच येऊ नये. मी कामं वाटून दिली. ताईकडे चूल, माझ्याकडे भाज्या, यजमानांकडे पानं पुसणं, दाजींकडे धान्य, कारण ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. वरच्या एका पाड्यावर लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं, ते दाजींनी मिळवलं. त्या तांदळाचा भात, त्याचीच भाकरी, उडदाची आमटी, करटोलीची भाजी, कोवळ्या काकडीची कोशिंबीर. पडवीत पळसाच्या पानांवर सगळं वाढलं. वाफा निघत होत्या. आक्का पानावर बसली, हात मांडीत ठेवले आणि भाताकडे बघत राहिली.

"ह्ये भात कवाचं?" तिने विचारलं.

दाजी फुलले. नवंकोरं आहे, परवाच झोडलंय, असं त्यांनी सांगितलं.

"नवं घातलं का?"

आम्ही सगळे जिथल्या तिथे थांबलो. आमच्या डोंगरातल्या घरांमधून रीत अशी, की रानात पिकलेलं नवं धान्य आधी घरच्या देवांना आणि पूर्वजांना ठेवायचं, मग आपण तोंडात घालायचं. ताईला वाटलं होतं दाजींनी ठेवलं असेल. दाजींना वाटलं होतं आक्काने जामसरला ठेवलं असेल. गावोगाव जुन्या खाण्याची शिकवण देत फिरणाऱ्या माणसाने देवापुढे न ठेवलेलं नवं पंगतीला वाढलं होतं, आणि माझ्या यजमानांच्या तोंडात त्याच भाकरीचा घास होता. तो त्यांना गिळता येईना आणि बाहेरही काढता येईना. शेवटी ते गाल फुगवून परसात गेले. ताईला हसू आवरेना. दाजी मात्र पानाकडे बघत होते.

आक्का रागावली नाही. तिने समजावून सांगितलं. त्यांच्या घरी नवं दोघांनी घालायचं असतं. एकाने पूर्वजांची नावं घ्यायची, दुसऱ्याने एकेका नावाला एकेक घास ठेवायचा. भाऊ मोखाड्याला गेल्यावर एकटीने कसं करणार. म्हणून डोंगरातलं नवं धान्य तिने कित्येक वर्षं तोंडात घातलं नव्हतं, मग त्याचा कुणी लाडू करो की आंबील. रेशनचा तांदूळ कुठल्या रानातला कुणास ठाऊक, तो चालायचा. "आन् बिस्किटाला नवं घालावं लागत नाय, भाऊ," ती म्हणाली.

दाजींनी विचारलं, मला बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू गाडीतनं उतरलास कवा?"

दाजी उठले आणि किल्ली घेतली. शिजलेलं अन्न झाकून तिथेच ठेवलं, कारण चूल जामसरचीच हवी होती. उरलेल्या नव्या तांदळाचं गाठोडं आक्काने मांडीवर घेतलं आणि ती पुढे केबिनमध्ये बसली. आम्ही तिघं मागे करंड्यांच्या मधे. यजमान वाटेत सारखे विचारत होते की थोडासा रस गेला असेल तर चालतो का. जामसरला पोचल्यावर जी बाई सकाळी दोघांच्या आधाराने पडवी चढली होती, तिने पदर खोचला आणि आम्हाला कामाला लावलं. माझ्याकडे पाणी, यजमानांकडे लाकडं, ताईकडे उडीद. दाजींना म्हणाली, तू नुसता गप राहा. मांजराला उठवून तिने राख काढली, चूल सारवली आणि पेटवली. माझी यादी खिशातच राहिली. इतकं नेटकं काम वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मला स्वतःबद्दल बऱ्यापैकी मत आहे.

भात झाला. देवापुढे पान मांडलं. कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, पहिला घास. मग आक्का नावं घेऊ लागली. आई, वडील, आजा, आजी, पणजा, त्याच्या मागचे, त्यांच्याही मागचे. आम्ही कधी न ऐकलेली माणसं एकामागून एक येऊन बसत होती, आणि दाजी प्रत्येकाला घास ठेवत होते. मग आक्का जेवायला बसली. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात धरला. मग भात कालवला आणि जेवली. आमटी पुन्हा मागितली. आम्ही सगळे आपापल्या पानात बघत होतो, पण खरं लक्ष तिच्या हाताकडे होतं. दाजी वाढत होते, आणि नागलीत काय असतं, उडदात काय असतं, यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत.

आता आक्का दोन वेळा जेवते. दाजी दर बुधवारी जामसरला मुक्काम करतात आणि भाकरी तीच थापते. त्या रविवारी निघताना मी वही काढून ती नावं लिहून घ्यायला बसले होते. आक्काने वही मिटवली. कागदावर गेली की माणसाच्या तोंडातनं जातात, असं ती म्हणाली. यंदा नागलीचं नवं घालताना तिला अदलाबदल करायची आहे. घास ती ठेवणार, नावं दाजींनी घ्यायची. दाजी टेम्पो चालवताना मोठमोठ्याने पाठ करतात, पाड्यावरची पोरं मागे धावत त्यांच्या पणज्याला हाका मारतात. पणज्यापर्यंत दाजी सरळ जातात. त्याच्या पुढे एक नाव आहे, तिथे अडतात. आक्काला विचारलं तर हल्ली तीही नेमकी तिथेच थांबते. बुधवारी मी गेले होते. दोघं चुलीपाशी बसली होती, एकमेकांकडे बघत, त्या नावाची वाट पाहत. त्या रविवारी ते तिने घेतलं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, त्याला घासही ठेवला होता. नागली कापून खळ्यावर आली आहे. नाव अजून आठवायचं आहे.