तळ्यात गेलेली बेचाळीस घरं

शिंदे बाईंचं नाव आधी घेतो. या लेखात दुसऱ्या कुणाचं नाव येणार नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावात मराठी शाळेत त्या गणित शिकवायच्या. माझे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करत, आई तिथेच पानं निवडायची. घरात दहावीपर्यंत कुणी पोचलेलं नव्हतं. कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड लिहिता आलं पाहिजे, म्हणून बाईंनी चाळिशीत स्वतः कन्नड शिकायला घेतलं आणि शाळा सुटल्यावर आम्हा चौघांना व्हरांड्यात बसवून शिकवलं. आमच्यापेक्षा त्या फक्त एक धडा पुढे असायच्या. त्या व्हरांड्यामुळे मी उपनिरीक्षकाची परीक्षा कन्नडमधून दिली आणि बेंगळुरूत इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो.

पोलिसाच्या आठवणी म्हटल्या की लोकांना खून-दरोडे ऐकायचे असतात. तसले तपासही केले. पण माझ्या डोक्यातून अजून न गेलेली केस एका नकाशाची आहे. त्यात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. दक्षिण बेंगळुरूतल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. सकाळची हजेरी चालू असताना जे. पी. नगरमधल्या एका खासगी कंपनीतून फोन आला की दारात माणसं जमली आहेत, लवकर या. कंपनीचं काम नकाशे करण्याचं. त्यांनी एका तळ्याचा आणि आसपासच्या वस्तीचा नकाशा लोकांना पाहायला खुला केला होता, आणि त्यात वस्तीतली बेचाळीस घरं तळ्याच्या पाण्यात दिसत होती. तळ्यात बांधलेलं घर म्हणजे आज ना उद्या पाडायची नोटीस, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. फाटकाशी एक बाई कंपनीच्या पहारेकऱ्याला विचारत होत्या, "मी रोज दारात रांगोळी घालते, ती काय पाण्यावर घालते काय रे?" लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

दुपारी कंपनीने लेखी तक्रार दिली: आमच्या डेटाबेसमध्ये कुणीतरी मुद्दाम फेरफार केला आहे. संशय एका जुन्या कर्मचाऱ्यावर. आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून गुन्हा नोंदवून तपास मी माझ्याकडे घेतला.

आता एक कबुली. तपास माझ्याकडे होता, पण ठाण्यात सगळे बघत होते ते दुसऱ्या टेबलाकडे. तिथे नवीन महिला उपनिरीक्षक बसायची. इंजिनियर, वय सत्तावीस, आजोबा प्राध्यापक, वडील शास्त्रज्ञ. ती दहा बोटांनी टाइप करायची आणि करताना समोरच्याशी बोलायची. मी एका बोटाने टाइप करत असे आणि तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरत असे. डीसीपी साहेबांनी मासिक बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "असे अधिकारी हवेत खात्याला." मी तीस वर्षं खात्यात होतो. माझ्याकडे बघून ते वाक्य कुणी म्हटलेलं नव्हतं. कॉफीचा पेला आधी तिच्या टेबलावर जातो की माझ्या, याच्याकडे माझं लक्ष असायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण असायचं.

आमचे हेड कॉन्स्टेबल तोंडाने फटकळ. गुन्हा नोंदवल्यावर ते म्हणाले, "सार, कॉम्प्युटरची केस. मेडमकडे देऊन टाका, आपण बंदोबस्त बघू."

"तपास अधिकारी मी आहे," मी म्हणालो.

"हो सार. म्हणूनच म्हणतोय, लवकर द्या."

संशयिताला त्याच दिवशी बोलावलं. वय पन्नाशीचं, चामराजपेटमध्ये राहणारे, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत असलेल्या मराठी घरातले. ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. माझ्या टेबलावरची मराठी दिनदर्शिका बघून ते एकदम मोकळे झाले आणि आमच्या घरच्या भाषेत बोलू लागले.

"साहेब, स्वल्प ऐका. एक नकाशा म्हणजे एक फाइल नसते. चार असतात, एकाच नावाच्या. एकीत आकार, दुसरीत त्यांची यादी, तिसरीत घर नंबर वगैरे. चौथी अगदी लहान, दोन ओळींची. तीत एवढंच लिहिलेलं, की हे आकडे कुठल्या मोजणीचे आहेत. जुन्या सर्व्हेचे का उपग्रहाचे. माझे नकाशे जुन्या मोजणीचे. तळं त्यांनी नवीन मोजलं, उपग्रहावरून. त्या पोरानं पेन ड्राइव्हवर माझ्या तीनच फायली घेतल्या. चौथी बघितली, म्हणाला हे काय टेक्स्ट आहे, आणि सोडली."

तो पोरगा म्हणजे पुण्याहून आलेला नवा टीम लीड. अण्णांचे वीस वर्षांचे नकाशे एका डेटाबेसमध्ये भरण्याचं काम त्याच्याकडे होतं. अण्णांवर संशय त्यानेच घेतला होता.

मला त्यातलं अर्धंच कळलं. जबाब मी कन्नडमध्ये लिहीत होतो. चौथ्या फाइलशी आलो आणि पेन थांबलं. हे लिहिलं तर वाचणारा विचारेल म्हणजे काय, आणि ते सांगायला मला त्या दुसऱ्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागेल. ती दोन मिनिटांत समजावेल, ठाणं ऐकेल, केस तिची होईल. मी लिहिलं, 'आरोप अमान्य. फाइल दिल्याचं कबूल.' अण्णांना कन्नड वाचता येत होतं, पण त्यांनी न वाचताच सही केली. मराठी बोलणारा साहेब भेटला होता ना.

पुढचे दोन दिवस माझा तपास माझ्या पद्धतीने जोरात चालला. हेड कॉन्स्टेबलने ऑफिसच्या चहावाल्याकडून खबर आणली की टीम लीडची जागा अण्णांना मिळणार होती, ऐनवेळी पुण्याचा मुलगा आला आणि तेव्हापासून अण्णा त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हते. हेतू मिळाला. हेतू मिळाला की तपास अधिकाऱ्याला फार बरं वाटतं. चामराजपेटला जीप नेऊन, दोन पंचांसमोर महजर, म्हणजे पंचनामा, करून अण्णांच्या घरचा संगणक जप्त केला. गल्ली अरुंद, जीप दारालाच लागली. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. अण्णांच्या पत्नी आत बाहेर करत एवढंच विचारत होत्या, "कॉफी घेणार का साहेब?" कंपनीने त्याच संध्याकाळी अण्णांना निलंबित केलं.

दुसऱ्या दिवशी उपनिरीक्षक माझ्या केबिनमध्ये आली. लॅपटॉप उघडाच हातात.

"सार, एक विचित्र आहे. घरं सगळी सरकली आहेत, पण नुसती घरं नाहीत. देऊळ, रस्ता, पाण्याची टाकी, शाळा, सगळं शंभरएक मीटर, एकाच दिशेला. फक्त तळं जागेवर."

"मग?"

"ज्याला घात करायचाय तो दोनचार घरं हलवेल. देऊळ कशाला हलवेल? चोर इतका नीटनेटका नसतो सार." तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "डेटाबेसमध्ये फायली भरताना मोजणीचा एक क्रमांक द्यावा लागतो. चुकीचा दिला तर असं होऊ शकतं. पण चूक आहे हे सिद्ध करायला मूळ मोजणी कळली पाहिजे. ते अण्णा जबाबात मोजणीबद्दल काही बोलले का?"

मी समोरच्या कागदाकडे बघत म्हणालो, "नाही. काही नाही."

ती "सरी सार" म्हणून गेली आणि डेटाबेसच्या हजारो नोंदी एकेक करून तपासत बसली. मी तिला बसू दिलं. खरं सांगायचं तर ती अडकलेली बघून जेवण चांगलं गेलं.

चौथ्या दिवशी वरून फोन आला, अटक कधी करताय. मी अटकेची कारणं लिहून तयार ठेवली आणि अण्णांना शेवटच्या चौकशीला बोलावलं. चार दिवसांत माणूस वाळला होता. इस्त्रीचा शर्ट होता, दाढी राहिली होती. बोलताना आता कन्नडच बोलत होते.

मी मराठीत विचारलं, "त्या मुलाने चौथी फाइल सोडली ते तुम्ही बघितलं?"

"बघितलं."

"वस्ती तळ्यात जाणार हे ठाऊक होतं?"

"तळ्यात हे नव्हतं ठाऊक. सरकणार हे ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, काका, तुम्ही आता रिलॅक्स करा, फक्त फाइल्स द्या, बाकी मी हॅन्डल करतो. माणूस वाईट नाही साहेब तो. गोड बोलतो. पण वीस वर्षं त्या दोन ओळी माझ्या डोक्यात होत्या. कुठला नकाशा कुठल्या मोजणीचा, हे सगळं ऑफिस मला येऊन विचारायचं. यानं विचारलं नाही. म्हटलं, पडू दे तोंडावर. आम्हाला कोण विचारतंय, आपण कशाला सांगायचं?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्यांचं वाक्य चार दिवस माझ्याच मनात होतं, त्यांनी फक्त ते मोठ्याने म्हटलं. त्यांनी एक फाइल सांगितली नाही, म्हणून बेचाळीस घरं पडद्यावर पाण्यात गेली. मी तीच फाइल सांगितली नाही, म्हणून ते माझ्यासमोर आरोपी म्हणून बसले होते. त्यांनी निदान मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"ती चौथी फाइल कुठे आहे?" मी विचारलं.

"ऑफिसच्या लोखंडी कपाटात. सीडीवर. वर माझ्या अक्षरात तळ्याचं नाव आहे. तुम्हाला तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही सही करा म्हणालात."

मी उठलो आणि उपनिरीक्षक बसायची त्या टेबलापाशी गेलो. हेड कॉन्स्टेबल हातातला पेला घेऊन तसेच उभे राहिले. मी सगळं सांगितलं, तीन फायली, चौथी फाइल, सीडी. ती ताडकन उठली. तासाभरात अण्णांना बरोबर घेऊन कंपनीत गेलो, पंचांसमोर कपाट उघडून सीडी ताब्यात घेतली. कंपनीच्या संगणकावर डेटाबेसची वेगळी प्रत काढून तिने चारही फायली पुन्हा भरल्या. मोजणीचा क्रमांक विचारणारी चौकट आली. तिने चौथ्या फाइलमधल्या दोन ओळी वाचून तो दिला. पडद्यावर वस्ती एकदम उजवीकडे सरकली आणि काठावर जाऊन बसली. बेचाळीसच्या बेचाळीस घरं कोरडी. पुण्याचा मुलगा मागे उभा होता. "ओह शिट, मी डीफॉल्ट ठेवला होता," असं म्हणून तो खुर्चीत बसला. मग अण्णांकडे वळून म्हणाला, "काका, एकदा बोलायचं तरी ना!" अण्णा म्हणाले, "एकदा विचारायचं तरी."

परतताना जीपमध्ये तिने मला विचारलं, "सार, हे त्यांनी आज सांगितलं?"

हो म्हणालो असतो तर कुणालाच कळलं नसतं. जबाबावर त्यांची सही होती.

"पहिल्या दिवशी," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "केस डायरी तुम्ही लिहाल का मी टाइप करू?"

"मी लिहितो."

मी पुरवणी जबाब घेतला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की ही माहिती संशयिताने पहिल्याच दिवशी दिली होती, तपास अधिकाऱ्याने नोंदवली नाही. गुन्हा घडलेला नाही, वस्तुस्थितीची चूक, असा बी रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात पाठवला. मला मेमो आला, खुलासा मागितला गेला, तो मी दिला. कंपनीने अण्णांचं निलंबन मागे घेतलं.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. मत्सर करणारा माणूस काहीतरी करेल म्हणून पोलीस त्याच्या हाताकडे बघत बसतो. पुष्कळदा तो काहीच करत नाही. त्याला माहीत असलेली एक गोष्ट तो फक्त सांगत नाही, आणि त्याचा कुठे पंचनामा होत नाही. नंतरच्या तीन वर्षांत प्रत्येक तपासात मी माणसांना एक प्रश्न हमखास विचारला: तुम्हाला काय माहीत होतं, जे कुणी विचारलं नाही? त्या प्रश्नाने दोन केसेस सुटल्या. पण अण्णांचं जे झालं ते झालंच होतं. मेमो आला त्या आठवड्यात मी शिंदे बाईंना पत्र पाठवलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे, ती जशीच्या तशी देतो.

आदरणीय शिंदे बाई,

साष्टांग नमस्कार. नोकरी लागली तेव्हा आणि बढती मिळाली तेव्हा तुम्हाला पत्र लिहिलं. या वेळी मेमो मिळाला आहे, तेही तुम्हाला कळवायला हवं.

एका निर्दोष माणसाने मला खरं सांगितलं आणि ते मी लिहिलं नाही. कारण लिहिलं असतं तर माझ्या हाताखालच्या एका हुशार मुलीला श्रेय गेलं असतं. ती शिकलेल्या घरातली आहे. मला वाटायचं, तिला सगळं आयतं मिळालं आणि मी सगळं कष्टाने मिळवलं. काल हिशेब घातला तेव्हा लक्षात आलं की मलाही मिळालंच होतं. रोज संध्याकाळी दीड तास, तुमच्याकडून. तुम्हाला कन्नड आमच्याइतकंच नवीन होतं, अडलं की तुम्ही आमच्यासमोर पोस्टमास्तरांना विचारायला जायचा. तुम्हाला कधी कमीपणा वाटला नाही.

आज रविवार. साध्या कपड्यांत, बसने त्या गृहस्थांच्या घरी चामराजपेटला गेलो आणि माफी मागितली. त्यांनी कॉफी दिली. म्हणाले, "साहेब, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण आज तुम्हाला कुणी ओळखलं नाही. गल्लीनं बघितली ती जीप. बायको अजून शिंप्याकडे जात नाही. माफी मागायचीच तर त्या दिवशी आलात तसे या."

उद्या सकाळी नऊला, त्याच वेळी, वर्दीत, तीच जीप घेऊन जाणार आहे. त्यांचा संगणक स्वतः उचलून आत नेऊन ठेवीन आणि शिंप्याला ऐकू जाईल अशा आवाजात चूक माझी होती असं सांगीन. उपनिरीक्षकांना विचारलं, बरोबर याल का. त्या म्हणाल्या, "येते सार, पण बोलायचं तुम्ही."

काय बोलायचं ते कन्नडमध्ये लिहून काढलं आहे. तपासून घ्यायला तुम्ही इथे हव्या होत्या.

तुमचा विद्यार्थी