तात्यांच्या हातोडीचा व्हिडिओ

भूतखेत, चमत्कार असलं काही मी मानत नाही. इंदापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीनवरची सगळी भुतं मी स्क्रू-ड्रायव्हरनं उतरवतो. तरीही हे लिहितोय...

माझे अब्बा तीस वर्षं माळेगावात धोंडीतात्या लोहारांच्या भट्टीवर घण मारायचे. ऊसतोडीचे कोयते बनायचे तिथं. तात्या लहान हातोडीनं तापल्या लोखंडावर जागा दाखवणार, की मागोमाग अब्बांचा घण. दोन वर्षांपूर्वी तात्या गेले आणि गेल्या उन्हाळ्यात अब्बांची उजवी बाजू लुळी पडली. जीव वाचला, पण हात चालेना. डाव्या हातानं जेवायला ते तयार नव्हते, आणि अम्मी भरवायला बसली की त्यांच्या डोळ्यांत पाणी. जेवणाची वेळ आम्हाला नकोशी झाली होती.

बारामतीच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी व्यायाम दिला – मोबाईलवर लाईट चमकली की टेबलावर उजव्या हाताची बोटं आपटायची, ठेक्यात. अब्बांना ते काही केल्या जमेना. वैतागून म्हणाले, "ह्या लुकलुकीला हात हाय का? कवा पडंल ते कसं कळायचं?"

तेव्हा मला तात्यांचा एक जुना व्हिडिओ आठवला. आवाज गेलेला, मोजून चाळीस सेकंदांचा. तो लावला आणि अब्बांची बोटं तात्यांच्या हातोडीमागं बरोब्बर पडायला लागली. मॅडमना नवल वाटलं नाही. खरा हात वर जाताना-खाली येताना दिसला की ठोका कधी पडणार हे मेंदूला आधीच कळतं, म्हणाल्या. पटलं. इथपर्यंत सगळं सायन्स.

पुढचं मात्र... एका शुक्रवारी दुपारी नमाज पढून आलो, व्हिडिओ लावून दिला आणि अम्मीसोबत ताटं वाढायला लागलो. मागं ठक्-ठक् चालू. चाळीस सेकंद केव्हाच उलटले होते, तरी चालूच. वळून पाहिलं तर अब्बा स्क्रीनकडं एकटक बघत अख्ख्या मुठीनं ठोके देत होते. आणि एकाएकी थांबले. का थांबलात, विचारलं.

"तात्यानं हातोडी आडवी ठेवली की. काम झालं म्हनायचं."

घण थांबवायची ती त्यांची रोजची खूण. पण माझ्या व्हिडिओत ती नाहीच. हातोडी वर असतानाच तो संपतो. मी फोनमध्ये डोकावलो. ऐरणीवर हातोडी आडवी ठेवलेली होती, आणि तात्या उपरण्यानं घाम पुसत होते. फोन उचलेपर्यंत स्क्रीन काळी.

नंतर तो व्हिडिओ किती वेळा लावला असेल... चाळीस सेकंद, हातोडी वरच. फाईल उलटीपालटी करून तपासली. कुणाकडं उत्तर असेल तर सांगा.

त्या दुपारी मी फोनशी झटत असताना अब्बांनी ताट पुढं ओढलं. अम्मीला हळूच "ऱ्हाऊ दे" म्हणाले, आणि उजव्या हातानं भाकरी मोडली.