पेल्याखालचा लाल ठिपका

"हे तुझं क्रियापद. तुला पाठ करायची गरज नाही, तुमच्यात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे."

सर म्हणाले, सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. शी!

लखनौमधलं सरांचं घर, रविवारची सकाळ. सर माझे पीएचडीचे गाईड, पुण्याचे. माझी जात त्यांना आडनावावरून पहिल्याच दिवशी कळली होती. आम्हा विद्यार्थ्यांना ते घरी लॅटिन शिकवत. त्या काळी नवी वनस्पती जाहीर करायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावंच लागे. चिनहटजवळच्या तळ्याकाठी मला एक पाणगवत सापडलं होतं, कुठेच नोंद नसलेलं. सगळा जीव त्यात अडकलेला.

त्या दिवशी फसवी क्रियापदं चालली होती. शेवटी 'ओर' लागलं की कर्मणि. 'लाउदो', मी स्तुती करतो. 'लाउदोर', माझी स्तुती केली जाते. पण काहींचं नुसतं रूप कर्मणि, अर्थ कर्तरि. 'पातिओर' दिसतं असं, की माझ्यावर काहीतरी केलं जातंय. अर्थ मात्र, मी सोसते. एवढं सांगून सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं होतं.

चहा झाला. बाकीच्यांना कप, मला स्टीलचा पेला. "आपल्या मराठी माणसाला पेल्यातच बरा वाटतो," काकू म्हणायच्या. परमुलखात मला ती माया वाटायची. पेला ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर कामवाली म्हणाली, "दीदी, लाल निशान वाला नीचे रखिए, अलग।"

पेला उलटा केला. बुडाला नेलपॉलिशचा ठिपका. त्याची जागा सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी. वर्षभर मी त्यातून प्यायले होते, वर "थँक यू काकू" म्हणत. सोसणारा काही करत नसतो म्हणे. छट्! सोसणं मीच करत होते, रोज, मन लावून.

बाहेर आले. पेला सरांच्या पुढ्यात आपटला.

"सर, आता यातून तुम्ही प्या."

"अगं, ते आपलं स्वच्छतेसाठी..." काकू पुटपुटल्या.

सर थंडपणे म्हणाले, "तुझ्या गवताचं लॅटिन कोण तपासणार?"

"कुणी नाही."

आलमबागच्या खोलीवर येऊन ओकले. मग व्याकरणाचं पुस्तक उघडलं. वर्णन मी लिहिणार. चुकलं तर नियतकालिकाकडून परत येईल, परत लिहीन. गाईड बदलावा लागला तर बदलीन. पण त्या गवताच्या वर्णनाखाली माझ्यासोबत त्या माणसाचं नाव लागू देणार नाही.