स्टेशनातले मास्तर

माझे थोरले काका विजेचे मीटर वाचून निवृत्त झाले, पण घरात ते रेल्वेचेच. जिना चढले की 'अप', उतरले की 'डाऊन'. काकू आंघोळीला गेली की 'लाइन ब्लॉक'. हा सगळा तोरा कशाच्या जोरावर, तर म्हणे आजोबा स्टेशनमास्तर होते. काका तीन वर्षांचे आणि बाबा पोटात असतानाच आजोबा गेले. आजी जन्मभर त्यांना 'मास्तर' म्हणायची, एवढाच काय तो पुरावा. पण काका सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांतले.

आजोबांचं स्टेशन ज्या लाइनवर होतं, ती बंद पडून चाळीस वर्षं झाली, रूळही कधीच उचलून नेलेत. तरी गेल्या रविवारी काका-काकू, आई-बाबा आणि मी असे पाचजण गाडीत कोंबून तिच्या मागावर निघालो, कारण काकांनी संगमरवरी पाटी करून घेतली होती. 'येथे स्टेशनमास्तर म्हणून सेवा बजावली', आणि खाली आजोबांचं नाव. ती स्टेशनच्या भिंतीवर बसवल्याशिवाय त्यांना मरायचं नव्हतं.

"तो बघ भराव. इथे इंजिन धापा टाकायचं," पुढच्या सीटवरून काका.

"दादा, तो कालवा आहे," बाबा म्हणाले.

"नंतर खणला असेल."

पुढे पुलाचे तीन दगडी खांब लागले. वर पूलच नाही. काका उतरून पाच मिनिटं डोळे भरून बघत राहिले.

"असं मला लग्नात बघायचं होतंत," काकू म्हणाली.

स्टेशनच्या खोलीत आता तिथल्या जुन्या हमालाची म्हातारी मुलगी राहते. तिकीटखिडकीतून ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. काकांनी घसा खाकरला आणि 'यात्रीगण कृपया ध्यान दें' छाप सुरात विचारलं, "मी इथल्या मास्तरांचा मुलगा. आठवतात का मास्तर?"

"न आठवायला काय झालं? माझा पहिला झगा त्यांनीच शिवला."

काका समजूतदार हसले. "मावशी, मी स्टेशनमास्तरांचं म्हणतोय."

"ते साहेब. दर दोन वर्षांनी बदलायचे, कोण लक्षात ठेवतो? मास्तर म्हणजे मशीनवाले. या इथे फलाटावर बसून गार्डांच्या पँटी शिवायचे, हिरवे-लाल बावटे शिवायचे. थोरलं पोर मशीनखाली चिंध्यांत झोपलेलं असायचं." ती जरा पुढे वाकली. "तो तूच का रे?"

काकूने रुमाल तोंडाला लावला. मी कोंबड्या मोजायला घेतल्या.

"शिवण," काकांनी विचारलं, "कशी होती त्यांची?"

"पक्की. झगा विरला, पण शिवण उसवली नाही."

पाटी डिकीतून बाहेर आलीच नाही. परतीच्या वाटेवर काका अर्धा तास गप्प होते, जे आजवर कधी घडलं नव्हतं. म्हटलं, आता तरी माणूस जमिनीवर येईल. तेवढ्यात त्यांनी मागे वळून माझी कॉलर चिमटीत धरली.

"याला काय शिवण म्हणायची? टाके बघ, कुठे चाललेत. आमच्या घराण्यात असलं काम खपत नाही."