सरांचा बसायचा सीन

हरलेल्यांनी जिंकलेल्यांना तर्री-पोहे वाढायचे, हा आमच्याकडच्या हॉकीतला जुना रिवाज. कोणी सुरू केला देव जाणे, भोगला मात्र आम्ही. मी दारव्ह्याच्या संघाचा गोलकीपर, क्रिकेटचे पॅड बांधून उभा राहणारा. जिंकणं कसं असतं ते मला ठाऊकच नाही. आमचे सर, म्हणजे निवृत्त पीटी मास्तर, दर सामन्यानंतर पातेल्यापाशी उभे राहत. गळ्यात शिट्टी, हातात पळी. समोरच्या पोरांना म्हणत, "घे बाप्पा, लाजू नको, तर्री आखीन घे." जिंकलेले खुर्च्यांवर, त्यांचा कोच मधल्या खुर्चीवर. त्या मधल्या खुर्चीवर बसून एकदा तरी पोहे खायचे, एवढीच सरांची इच्छा. मला शंभरदा सांगितली असेल.

मग यवतमाळचा तो डायरेक्टर आला. मोबाइलवर विनोदी व्हिडिओ टाकून गाजलेला. म्हणे, सारख्या हरणाऱ्या हॉकी टीमवर कॉमेडी पिक्चर काढतो, खेळाडू तुम्हीच. आम्ही हुरळलो. सरांनी एकच विचारलं, "शेवटी जिंकतो का आपण?"

"जिंकता न सर! त्याच्याबिगर पिक्चर होते का?"

आठ दिवस आम्ही पडलो, आपटलो, एकमेकांच्या नडगीवर काठ्या हाणल्या. त्याला वेगळा अभिनय लागला नाही. शेवटच्या दिवशी बाभुळगावच्या संघानं ठरल्याप्रमाणे दोन गोल सोडले आणि आम्ही जिंकलो. सर मधल्या खुर्चीवर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. समोरच्या कोचनं त्यांना वाढलं. डायरेक्टर 'कट' म्हणाला तरी सर खातच होते, सावकाश, एकेक घास. प्लेट संपेपर्यंत कोणी त्यांना उठवलं नाही. मला तर रडूच आलं, खोटं कायले बोलू?

दोन महिन्यांनी डायरेक्टरचा फोन. "भाऊ, जिंकाचा सीन काढून टाकला. तिथं लोक हसत नाई न. सरांले तुम्हीच सांगा." मी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. त्यानं शांतपणे ऐकून फोन ठेवला. सरांना सांगायला मी तीनदा त्यांच्या घरी गेलो आणि तिन्हीदा चहा पिऊन परत आलो. कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी लेक, जावई, नात, सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मंगल कार्यालयात पडदा लावला. सर पहिल्या रांगेत, शेजारी नात, पलीकडे मी. लोक पोट धरधरून हसले. सर पळी घेऊन आले की शिट्ट्या. "तर्री आखीन घे"ला तर टाळ्या. सरही हसत होते आणि दर वेळी नातीला सांगत होते, "थांब, आता येते माहा सीन." मी आपला चपलांकडे पाहत बसलो. शेवटी पडद्यावर आम्ही हरलो, सरांनी पोहे वाढले आणि दिवे लागले.

सर उठलेच नाहीत. "माहा बसाचा सीन कुठी गेला?"

"काढला म्हणते, सर."

"तुले माहीत होतं?"

मी नाही म्हणालो.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा हरलो. समोरची पोरं प्लेट पुढे करून सरांच्याच आवाजात ओरडत होती, "तर्री आखीन घे!" सर वाढत राहिले. एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटत होतं, पण माझ्या हातात प्लेटा होत्या.

नंतर नळावर पातेलं घासताना सर म्हणाले, "लेका, मी बसलोतो न त्या दिवशी? पुरी प्लेट खाल्ली न?"

"खाल्ली न सर. म्या पाह्यलं."

"मंग चाल घरी. नात म्हणते, आबा फेकून राह्यले. तू सांग तिले."

गेलो. तिच्यासमोर बसलो, आणि सर कसे बसले, कसे जेवले, सगळं सांगितलं. पोरगी माझ्याकडे एकटक पाहत होती. मग खदखदून हसायला लागली आणि आत ओरडली, "आई, ये न लवकर! पिक्चरमधला गोलकीपर आला, कॉमेडी करून राह्यला!"