नांदीला उभा राहिलेला प्रेक्षक

जुने संगीत नाटक नव्याने रंगभूमीवर आले, म्हणून परवा येथील नाट्यगृहात गेलो. "पाचशेचं तिकीट? एवढ्यात घरादाराचं जेवण होतंय की!" रांगेत कुणी कुरकुरले. आत पडद्यामागून धुपाचा गंध आला आणि मन साठ वर्षे मागे गेले.

तेव्हा याच नाटकाला मी, संस्कृत पाठशाळेचा विद्यार्थी, आठ आण्यांच्या बाकावर बसलो होतो. नांदी सुरू होताच शेजारचा गिरणी कामगार चपला काढून, हात जोडून उभा राहिला.

"ओ मामा, बसा की! आमी बी पैसं दिल्यात," मागून ओरड झाली. दारावरच्या माणसाने येऊन त्याचा दंड धरला, "बसा, न्हायतर भाईर काढतो."

"खाडा करून आलाय न्हवं? बसा गुमान," त्याचा सोबती कुजबुजला.

"काढू दे भाईर. देवाचं चाललंय, बसू कसा?"

दंडावरचा हात सैल झाला. नांदी संपली, तेव्हाच तो बसला.

मी त्या वेळी हसलो होतो. नांदीतील प्रत्येक पदाचा अन्वय मला लावता येत होता. आज वाटते, त्या सभागृहात प्रार्थना मात्र त्या एकट्यानेच केली.