नव्या लेन्सची टेस्ट आणि मामाजींचा फोटो

गेल्या महिन्यात नवेगावबांधला सासरी गेले, तेव्हा बॅगेत नवी लेन्स होती. ५० एमएम, एफ १.२, पूर्ण मॅन्युअल... म्हणजे फोकस कॅमेरा करत नाही, आपण रिंग फिरवून करायचा. एवढी फास्ट, म्हणजे कमी उजेडातही फोटो काढणारी लेन्स इतकी स्वस्त कशी, ही शंका मनात होतीच आणि परत करायची मुदत संपत आली होती.

पण लेन्स हे निमित्त होतं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याच आठवड्यात नागपूरला अँजिओग्राफीसाठी न्यायचं होतं. आणि घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता.

गोंदियात माझा छोटासा स्टुडिओ आहे. तिथे अधूनमधून कोणीतरी आधार कार्ड घेऊन येतं आणि म्हणतं, "मॅडम, इसी को बड़ा कर दो, हार चढ़ाना है." मग त्या टिकलीएवढ्या फोटोतून माणूस शोधत बसायचं... मोठा करून जो चेहरा येतो तो घरच्यांनाही परका वाटतो. आपल्या घरी असं होऊ नये, एवढंच मला वाटत होतं. आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

मामाजींचा फोटो काढणं सोपं नाही. एरवी माणूस दिवसभर कुणाची ना कुणाची फिरकी घेत असतो. पण फोकसचा 'पीप' वाजला की श्वास रोखून, छाती पुढे काढून ताठ. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तर ते पोलीस भरतीला आल्यासारखे दिसतात.

म्हणून सांगितलं, मामाजी, लेन्स तपासायची आहे, जरा समोर बसता का? अंगणात आंब्याखाली बाज टाकली. शेजारी सासूबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

सुरुवातीलाच फजिती. बटण दाबतेय तर कॅमेरा ढिम्म! या लेन्सची कॅमेऱ्याशी इलेक्ट्रॉनिक जोडणीच नसते, त्यामुळे त्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही. 'लेन्स नसली तरी फोटो काढ' असं सांगणारी सेटिंग मेनूत शोधेपर्यंत सासूबाईंचं अर्धं सूप निवडून झालं.

मग फोकस... एफ १.२ ला तो इतका पातळ की नाक शार्प आणि डोळे धूसर. डोळ्यांवर आणावा तर तोवर मामाजी बोटभर पुढे सरकलेले. पांढऱ्या बंडीच्या कडांना जांभळी किनार येत होती ती वेगळीच. एफ २ वर, म्हणजे लेन्सचं तोंड जरा बारीक केल्यावर, मात्र चित्र एकदम स्वच्छ झालं, मागची पानं अलगद विरघळली आणि मी मनातून खूश झाले.

या सगळ्यात 'पीप' काही वाजत नव्हता. श्वास नेमका कधी रोखायचा हेच मामाजींना कळेना, त्यामुळे ते हळूहळू सैल पडले. बांधाच्या तलावातली मासळी, उन्हाळी धान, शेजाऱ्याची मोटर... गप्पांची गाडी सुरू झाली. मधूनच विचारायचे, "झाला का बाई? कायले एवढा येळ लागून राहिला?" मी आपली रिंग फिरवत होते.

आणि मग बोलता बोलता ते थांबले. अगदी सहज म्हणाले, "सूनबाई, भितीवर लावाचा फोटो काढून राहिली ना?"

सासूबाईंचे हात सुपातच थांबले.

"काढ," मामाजी म्हणाले. "पन हासता काढजो. नाई तं लोक म्हनतीन, बुढा मेल्यावरबी कुरकुर करूनच राहिला." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसायला लागले. सासूबाईंनी त्यांच्या जिभेचा चांगला उद्धार केला आणि पदराने डोळे पुसले.

माझेही डोळे भरून आले होते. ऑटोफोकस असता तर कॅमेऱ्याने आपलं आपण बघून घेतलं असतं... इथे सगळी भिस्त माझ्या डोळ्यांवर आणि मला तर काहीच दिसत नव्हतं. मी रिंग सोडून दिली आणि किंचित मागेपुढे होत नुसतं बटण दाबत राहिले.

घरात येऊन लॅपटॉपवर पाहिलं. बहुतेक फोटो धूसर, वाया गेलेले. एका फोटोत फोकस बरोबर मिशीवर बसला होता, डोळे जरासे सॉफ्ट. टेस्ट म्हणून नापासच... पण त्यात आमचे मामाजी होते, जसेच्या तसे.

नागपूरला त्या दिवशी वेळ जाता जात नव्हता. शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं आणि सांगितलं की ब्लॉकेज किरकोळ आहे, ऑपरेशन नको, गोळ्यांवर भागेल. नवरा भिंतीला टेकून मटकन खालीच बसला. मी हसत होते की रडत होते, ते मला आता सांगता येणार नाही. मामाजींनी बाहेर आल्या आल्या विचारलं ते एवढंच, की धानाला पाणी दिलं का.

लेन्स ठेवून घेतली. बरेच जण विचारतायत म्हणून सांगते... समोरचा माणूस निवांत बसणारा असेल तर खुशाल घ्या आणि एफ २ च्या आसपास वापरा. लग्नात वरमालेच्या वेळी लावाल तर दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या शिव्या खाल.

परवा तो फोटो फ्रेम करून नवेगावला नेला. मामाजींनी हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग कपाट उघडायला लावलं आणि म्हणाले, "बेस आला. गोधड्याईच्या खाली ठेवून दे. आता काई घाई नाई."

ठेवला आणि कपाट मीच लावलं. तो तिथे खूप वर्षं तसाच पडून राहू दे... देवाकडे सध्या माझं एवढंच मागणं आहे.